पेरिडॉनचे जुने भागधारक

१

रोलंड स्केईनं फ्रिजवरच्या फळीवरून तंबाखूचा जुना डबा खाली घेतला, सरकारी वकीलबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि झाकण काढून आतलं फडकं उलगडलं. फडक्यात फोन नव्हता. साबणाची वडी होती.

"मिस्टर स्केई," वकीलबाई म्हणाल्या, "मी वॉशिंग्टनहून साबण न्यायला आलेले नाही."

रोलंड वडी उलटीपालटी करत राहिला. "माझाच आहे," शेवटी तो म्हणाला. "न्हाणीघरातला."

मी दाराजवळच्या खुर्चीत कोट न काढता बसले होते. फोन सरकारच्या ताब्यात देताना गावातलं कोणीतरी हजर असावं म्हणून त्यानं मला बोलावलं होतं. शेजारीण, आणि शाळेपासूनची ओळख.

तो फोन दुकानात मिळणारा नव्हता. पेरिडॉन कंपनीनं तो फक्त आतल्या माणसांसाठी, चाचणीपुरता बनवला होता, आणि रोलंडनं उभी हयात त्या कंपनीत काढली होती. त्या फोनमध्ये एक खटका होता. तो चालू केला की दुसऱ्या कंपन्यांचे नकाशे, त्यांची दुकानं, सगळं रखडत चालायचं. बंद केला की पळायचं. मक्तेदारीच्या खटल्यात सरकारचा आरोप नेमका हाच होता, आणि असं काही कधी नव्हतंच, असं पेरिडॉननं शपथेवर सांगितलं होतं. रोलंडला तो फोन आठवड्यापूर्वी मासेमारीच्या पेटीत, गळांच्या खाली सापडला होता.

वकीलबाईंचं नाव मिस कॅलोवे. त्यांनी बॅग बंद केली. "गुरुवारी तुमची साक्ष आहे. उद्या संध्याकाळपर्यंत फोन मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर मी तुम्हाला उभं करणार नाही. पण तुमचं नाव कंपनीच्या वकिलांना कळलेलं आहे. ते तुम्हाला भर कोर्टात खोटारडा ठरवतील, आणि मला त्यात काही करता येणार नाही."

त्यांची गाडी तळ्याच्या रस्त्याला लागली.

"लवॉन, शनिवारी मी तो फोन चौघांना दाखवला," रोलंड म्हणाला. "त्यातली एक तू."

"मग मला आधी विचार."

"घेतलास?"

"नाही."

"बरं." त्यानं साबण पुन्हा फडक्यात गुंडाळला. "राहिले तिघं. तिघंही आपलेच."

२

आपले म्हणजे नॉर्डबीचं गुंतवणूक मंडळ. एकेकाळी निम्मं चर्च त्यात होतं. आता आम्ही पाच जण उरलो होतो. पेरिडॉन रडतखडत चालली होती तेव्हा रोलंडच्याच सांगण्यावरून आम्ही तिचे शेअर घेतले, आणि कधी विकले नाहीत. बाजार कोसळला तेव्हा नाही, कंपनीच्या संस्थापकाला हाकलून दिलं तेव्हाही नाही. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात माणसं स्वतःबद्दल चांगलं बोलत नाहीत, पण या एका गोष्टीचा आम्हाला उघड गर्व होता. ग्रंथालयाचं छप्पर त्यातून झालं, वृद्धाश्रमाचा बॉयलर त्यातून आला. माझा नवरा हार्लन त्याच वृद्धाश्रमात असतो. त्याला माझं नाव आठवत नाही, आणि त्याचं बिल पेरिडॉन भरायची.

म्हणून चोरीचं कारण कोणाकडे होतं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. पेरिडॉन पडू नये असं वाटायला अख्ख्या गावाकडे कारण होतं.

मी तीस वर्षं विमा कंपनीसाठी गारपिटीचे दावे तपासले. पत्र्यावरचा पोचा गारेनं पडलाय की हातोडीनं, हे मला बोटानं कळतं. रोलंड म्हणाला, "शेरीफला सांगितलं तर तो पहिल्यांदा मलाच धरेल. तू बघ." मी हो म्हटलं.

शनिवार मी मनात पुन्हा उभा केला. तळं गोठायच्या आत दर वर्षी आम्ही रोलंडचा लाकडी धक्का पाण्यातून ओढून काढतो. त्या दिवशी आधी जेवण झालं. जेवताना त्यानं फोन टेबलावर ठेवला, खटका दाखवला, आणि आपण साक्ष देणार असल्याचं सांगितलं.

व्हर्लिन ओडेगार्डनं काटा आपटला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. "ज्यांचं मीठ खाल्लंस त्यांच्याच मुळावर उठलास?"

"मीठ खाल्लं म्हणून तर ठाऊक आहे आत काय घालतात ते," रोलंड म्हणाला.

मायरन फॉस, आमचा निवृत्त बँक मॅनेजर, पांढराफटक पडला होता. "निकाल काय लागेल? कंपनीचे तुकडे करतील?"

उत्तर मी दिलं. नेहमी मीच देते. "निकालावर अपील होईल, अपिलावर अपील. तोवर आपल्यातले दोघं तरी मातीत गेलेले असतील. दंड झाला तर पेरिडॉन भरेल आणि विसरेल. तुकडे केले तर दोन्ही तुकड्यांचे शेअर आपल्यालाच मिळतील. मी एकही विकणार नाही."

आर्डिस ब्रेक्के ओव्हनमधली गरम हॉटडिश वाढत होती. वृद्धाश्रमाचा कारभार तिच्याकडे आहे, आणि ती माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. "वकीलबाई सोमवारी येणार की मंगळवारी?" तिनं विचारलं.

"सोमवारी सकाळी."

"मग पाहुणीसाठी लेमन बार ठेवून जाते. तुझ्याकडे कॉफीबरोबर द्यायला काही नसतंच."

मग आम्ही सगळे चिखलात उतरलो. कोणी हातमोजे आणायला घरात गेलं, कोणी कॉफी भरायला, कोणी हात धुवायला. घराला कुलूप नव्हतं. फोन डब्यात होता, आणि डबा कुठे असतो हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

३

"चोर शोधायला आलीस की फावडं घ्यायला?" व्हर्लिननं दुकानात शिरताच विचारलं. तो बर्फाची फावडी भिंतीला टेकवत होता.

"तू सांग. दोन्ही तुझ्याकडे असतील."

तो मनापासून हसला. "फोन माझ्या हाती लागला असता ना, लवॉन, तर मी त्याचा हातोडीनं चुरा केला असता आणि तो चुरा रोलंडच्या दारात ओतला असता. साबण कशाला ठेवीन? मला काय लपवायचंय? मी तोंडावर शिव्या दिल्या त्याला."

हे खरं होतं.

"आणि माझे शेअर नातवंडांच्या नावावर ट्रस्टमध्ये अडकलेत. धाकटी एकवीसची होईपर्यंत मला हात लावता येत नाही. बायकोनं बांधून ठेवलंय, नाहीतर मी मोटरबोट घेईन म्हणून. भाव उद्या जमिनीवर आला तरी मी बघत बसणार. मला राग आहे तो वेगळा. रोलंडनंच आम्हाला त्या गाडीत बसवलं आणि आता तोच चाक काढतोय."

"मग कोणी घेतला?"

"गावात काय म्हणतात ऐकलं नाहीस? रोलंडनंच तो कंपनीला परत विकला. साबण स्वतः ठेवला आणि तुला साक्षीला बसवलं. तूच बरी सापडलीस, तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास."

मी दाराशी पोहोचले तेव्हा त्यानं मागून हाक मारली. "नाहीतर मायरनला विचार. धक्का ओढायच्या वेळी तो न्हाणीघरात दार लावून इतका वेळ काय करत होता?"

४

मायरननं मला बसायलाही सांगितलं नाही. मी व्हर्लिनचा प्रश्न त्याच्यापुढे टाकला.

"मी ओकत होतो," तो म्हणाला.

"जेवण बाधलं?"

"तू बाधलीस. तू तिथं बसून म्हणालीस ना, मी एकही विकणार नाही." तो खिडकीबाहेर बघू लागला. "माझ्याकडे एकही नाहीये, लवॉन. सरकारनं खटला भरल्याची बातमी आली त्याच दुपारी मी सगळे विकून टाकले. घाबरलो. मग भाव परत चढला, आणखी चढला. आणि मी मंडळाच्या बैठकीत तुमच्याबरोबर हात वर करत राहिलो, 'विकायचे नाहीत' म्हणून. बायकोलाही सांगितलेलं नाही."

एवढी लाजिरवाणी गोष्ट कोणी खोटी सांगत नाही. पेरिडॉन बुडाली असती तर मायरनला बरंच वाटलं असतं. त्याला तो फोन वॉशिंग्टनला पोहोचायला हवा होता.

"साबण होता तेव्हा जागेवर?"

"होता. त्यानंच तोंड धुतलं. नंतर तर सगळेच चिखलाचे हात घेऊन आत आले."

आर्डिसला मी वृद्धाश्रमातल्या तिच्या खोलीत गाठलं. तिनं मला जवळ घेतलं. "बिचारा रोलंड! मी भांडी घासत होते, माझ्या पाठीमागून कोणीही आलं-गेलं असेल. तू सकाळपासून जेवलीस का नीट?"

तिच्या खिडकीबाहेर नव्या इमारतीचा खड्डा होता. फळ्या ठोकलेल्या, सळ्या बांधलेल्या.

"पाया कधी ओततायत?"

"संध्याकाळी संचालकांची सभा आहे, तिथं सह्या झाल्या की." तिनं नकाशा माझ्यापुढे पसरला. "ही बघ हार्लनची खोली. दक्षिणेची खिडकी. त्या तळघरातून सुटेल तो एकदाचा."

हार्लन तेव्हा आणखी दोघांबरोबर बॉयलरशेजारी झोपायचा. तिथं दिवसाही दिवा लावावा लागतो. माझे डोळे भरून आले. मी मैत्रिणीपाशी मन मोकळं केलं. "एक मात्र आहे, आर्डिस. ज्यानं घेतला त्याला फोन मोडायचा नाहीये. मोडायचा असता तर साबण ठेवायची गरजच नव्हती. त्याला फक्त थोडा वेळ हवाय. तो फोन परत आणून ठेवेल बघ."

"असं म्हणतेस?" ती म्हणाली आणि नकाशाची गुंडाळी करू लागली.

घरी आले तेव्हा माझ्यापाशी संशयित उरला नव्हता. व्हर्लिनला लपवायचं कारण नव्हतं, मायरनला चोरायचं नव्हतं, आर्डिसचा प्रश्नच नव्हता. उरला होता तो रोलंड.

५

मंगळवारी सकाळी गाडीची काच गोठलेली होती. मी ती खरवडायला लागले. मोसमातली पहिली कडक थंडी. आता चार दिवसांत जमीन दगड होईल, मग पाया ओतता येत नाही, मग एप्रिलपर्यंत—

माझा हात थांबला.

मी चुकीचा प्रश्न धरून बसले होते. पेरिडॉन पडली तर नुकसान कोणाचं? सगळ्यांचं. पण आम्ही सगळे थांबणारे. अपिलावर अपील होईपर्यंत, तुकड्यांचे शेअर होईपर्यंत, मरेपर्यंत थांबणारे. असल्या माणसाला एका साक्षीची भीती वाटत नाही. भीती वाटते ज्याला थांबता येत नाही त्याला. विचारायचं होतं ते हे, की पेरिडॉन याच आठवड्यात पडली तर कोण मरतं?

व्हर्लिनला विकताच येत नव्हते. मायरनकडे विकायला काही नव्हतं. आणि वृद्धाश्रमाचा सगळा निधी, नव्या इमारतीचासुद्धा, पेरिडॉनमध्ये होता. वर्षभर आर्डिस शेअर विकणं पुढे ढकलत आली असणार, अजून चढेल, अजून चढेल म्हणून. आम्हीच एकमेकांना लावलेली सवय. आता थंडी दाराशी आली होती. विक्रीच्या सह्या सोमवारी संध्याकाळी, विक्री मंगळवारी सकाळी, पैसे हातात येणार म्हटल्यावर ठेकेदार कामाला लागणार. वकीलबाईंनी सोमवारी सकाळी फोन पाहिला असता तर दुपारपर्यंत बातमी फुटली असती आणि मंगळवारी भाव कोसळला असता. डबा हलका लागून रोलंडनं रविवारीच बोंब मारली असती तर वकीलबाई शेरीफला घेऊनच आल्या असत्या, घराघरात झडती झाली असती. म्हणून साबण.

आणि जेवताना व्हर्लिननं 'का' विचारलं होतं, मायरननं 'काय होईल' विचारलं होतं. 'कधी' एकटीनंच विचारलं होतं.

मी वृद्धाश्रमावर पोहोचले तेव्हा काँक्रीटचा ट्रक घरघरत होता. आर्डिस खड्ड्याच्या कडेला रबरी बूट घालून उभी होती.

"विकले?" मी विचारलं.

"बाजार उघडताच." काय, हेही तिनं विचारलं नाही.

"झालं ना तुझं काम? मग फोन दे. संध्याकाळपर्यंत वेळ आहे. मी कोणाला सांगणार नाही."

"देणारच होते गं." तिचा आवाज अगदी साधा होता. "कालपर्यंत देणारच होते, त्याच्या टपालपेटीत टाकून. मग तू येऊन बसलीस आणि मला समजावून सांगितलंस, चोर फोन परत का आणणार ते. तेव्हा मला कळलं, फोन परत आला की तू तारखा जुळवशील. आश्रमानं कधी विकले, फोन कधी आला. मग मला तुरुंग, पैसे परत, आणि हा खड्डा बर्फानं भरणार."

"फोन कुठे आहे, आर्डिस?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. पन्हळातून करडा रेंदा दक्षिणेच्या कोपऱ्यात पडत होता. फळ्यांच्या काठापर्यंत आला होता.

मी धावत जाऊन ड्रायव्हरचा दंड धरला. त्यानं मशीन थांबवलं. "काय पडलं, मावशी? अंगठी?" त्यानं लांब सळई आत खुपसली, ढवळली, काढली. "आता गेलं ते गेलं. वाळल्यावर फोडावं लागेल. सगळा कोपरा."

६

रोलंडला मीच घेऊन आले. गाडीत सगळं सांगितलं. तो खड्ड्याच्या कडेला उभा राहिला. गवंडी वरचा थर सपाट करत होते. आश्रमातली म्हातारी माणसं खिडक्यांत खुर्च्या ओढून बसली होती. त्यांच्यासाठी तो मोठा तमाशा होता. एकीनं रोलंडला हात केला.

"फोडलं तर काही निघेल?" त्यानं विचारलं.

"चुरा," मी म्हणाले. "पण तुझा शब्द खरा ठरेल."

त्यानं खिडकीतल्या त्या बाईला उलट हात केला. "राहू दे," तो म्हणाला.

मी राहू दिलं नाही. त्याच दुपारी मिस कॅलोवेंना फोन करून सगळं सांगितलं, नावासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मिसेस टोलेफसन, तुमच्याकडे पेरिडॉनचे शेअर आहेत?"

"आहेत."

"तुमचे यजमान त्याच आश्रमात आहेत?"

"आहेत."

"आणि वस्तू काँक्रीटमध्ये आहे. कंपनीचे वकील तुम्हाला उभ्याउभ्या सोलतील. मी मिस्टर स्केईंशिवाय पुढे जातेय. माफ करा."

शेरीफ येऊन गेला. आर्डिसनं त्याला कॉफी दिली आणि सांगितलं, लवॉन फार थकली आहे, हार्लनच्या आजारानं तिचं मन ताळ्यावर नाही, तिच्यावर रागावू नका. गावाला ते पटलं. मायरननं मला चर्चच्या मागे गाठून हळूच सांगितलं की त्याचा माझ्यावर विश्वास आहे, आणि हे मी कोणाला सांगू नये.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं रोलंडचं नाव घेऊन सांगितलं, एका नाराज माजी नोकरानं अस्तित्वात नसलेल्या फोनची गोष्ट रचली. वर्तमानपत्रात तेवढंच आलं. दुकानात माणसं त्याच्याशी हवापाण्याचं बोलायची, अगदी गोड, आणि तो बाहेर पडला की गप्प व्हायची. वसंतात त्यानं घर विकलं आणि बहिणीकडे मोंटानाला गेला. जाताना त्यानं मासेमारीची पेटी माझ्या ओट्यावर ठेवली. निरोप घेतला नाही.

पुढे सगळं मी जेवताना सांगितलं होतं तसंच झालं. निकाल लागला, अपील झालं, अपिलावर अपील झालं. शेवटी तडजोड. पेरिडॉननं काहीही कबूल न करता दंड भरला, आणि त्या दिवशी भाव कधी नव्हता इतका चढला. मी माझे सगळे विकून मंडळ सोडलं. व्हर्लिन म्हणाला, "घाई केलीस." त्याचं खरं निघालं. नंतर आणखी चढला.

हार्लन आता दक्षिणेच्या खोलीत असतो. उन्हात बसतो. त्याच्या गालांवर रंग आलाय, हे मला नाकारता येत नाही. आर्डिस रोज त्याच्या खिडकीतली झाडं बघून जाते. मी आत असले तर ती दारावरून परत फिरते.

परवा त्यानं भिंतीवरून हात फिरवला. मला ओळखलं नव्हतंच. "बाई, खोली फार छान आहे," तो म्हणाला. "कोणाच्या पैशानं बांधली?"

"रोलंड स्केईच्या," मी म्हणाले.

"कोण तो?"

"इथंच असायचा."

"त्याला बोलवा की एकदा," हार्लन म्हणाला. "आभार मानायला हवेत."

मी त्याच्या गुडघ्यांवरची शाल नीट केली. बोलावते, असं म्हणाले.